डाव्या फळ्याचा माणूस

त्याला सगळे 'उप' म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेवढंच. बाकी साऱ्या रस्त्याला तो उप, आणि त्याचा थोरला भाऊ दादा. दोघं पाट्या रंगवायचे. दुकानाची पाटी असली की दुकानाचं मोठं नाव दादा लिहायचा, आणि खाली 'घाऊक व किरकोळ' किंवा 'सोमवारी बंद' ही बारकी ओळ धाकट्याच्या वाट्याला. पण त्याला उप हे नाव पडलं ते पाट्यांवरून नाही. ते पडलं राष्ट्राध्यक्ष भवनातल्या दोन फळ्यांवरून.

भवनाच्या पहिल्या मजल्यावर एक लांबलचक दालन आहे. जिना चढून गेलं की दोन्ही बाजूंना दोन काळेभोर लाकडी फळे, माणसाच्या दीडपट उंच. उजव्या फळ्यावर आजवरच्या राष्ट्राध्यक्षांची नावं, डाव्यावर उपराष्ट्राध्यक्षांची. अक्षरं सोनेरी. ही नावं लिहायचं काम यांच्या बापाकडे होतं. बाप गेला तेव्हा दादा तेवीस वर्षांचा आणि हा अठराचा. तेराव्या दिवशी दोघं बापाची ब्रशांची पेटी उघडून बसले. दादा म्हणाला, "उजवा माझा, डावा तुझा." झाली वाटणी. त्या वाटणीला पन्नास वर्षं उलटली, पण ब्रशानं कधी हद्द ओलांडली नाही.

लिहायची रीत बापानं घालून दिलेली होती. माणूस खुर्चीत बसला की त्याचं नाव, साल, आणि सालापुढं एक आडवी रेघ. रेघेच्या पुढं मोकळी जागा. माणूस उठला, हरला, राजीनामा देऊन गेला की मरून गेला, की मग त्या मोकळ्या जागेत दुसरं साल. बाप म्हणायचा, "माणूस खुर्चीत आहे तोवर रेघेपुढं ब्रश न्यायचा नाही. तो त्याचा श्वास आहे." बापाच्या तोंडी एरवी शिवीशिवाय काही नसायचं, म्हणून हे एक वाक्य दोघांच्याही डोक्यात पक्कं बसलं.

एका देशाचा सगळा इतिहास या दोन भावांना ब्रशाच्या टोकावरून पाठ होता. पहिला राष्ट्राध्यक्ष शाळामास्तर. दुसरा त्याचाच विद्यार्थी, आणि मास्तरालाच हरवून आलेला. तिसरा एकोणीस वर्षं बसला. त्याची रेघ एकोणीस वर्षं उघडी राहिली तेव्हा बाप वैतागून म्हणायचा, "ह्याच्यापायी माझा हात गंजायला आला, उठत कसा नाही हा?" सातवा जिना चढता चढता गेला. याच दालनाचा जिना, चौदावी पायरी. नववा एवढा लठ्ठ की त्याच्यासाठी खुर्ची रुंद करून घेतली, आणि पुढच्या दोघांना त्या खुर्चीत उशी लावून बसावं लागलं.

पण हे सगळं उजव्या फळ्याचं झालं. शाळेची पोरं यायची, मास्तरणी उजव्या फळ्यापुढं रांग लावायची, पोरं नावं घोकायची, आणि डाव्या फळ्याला पाठ टेकून उभी राहायची. उपला ते दिसायचं. अक्षरांना खांदे घासतात म्हणून तो दर दोन वर्षांनी डाव्या फळ्यावरची खालची सहा नावं पुन्हा उजळायचा.

डावा फळा होता मात्र भरगच्च. उजव्यावर सतरा नावं तर डाव्यावर तेवीस. उपराष्ट्राध्यक्ष पटापट बदलायचे. एक चार महिन्यांत रुसून गेला. एक दौऱ्यावर गेला तो तिकडंच आजारी पडून राहिला. मध्ये दोन वर्षं पदच रिकामं होतं. तिथं उपनं नाव न लिहिता एका बोटाची जागा सोडली होती. भवनातले साहेब म्हणाले, ही जागा का वाया घालवली? उप म्हणाला, "साहेब, तिथं कुणी नव्हतं हे पण लिहायला नको का?"

आणि एक होता अकरा दिवसांचा. सातवा जिन्यावर गेला तेव्हा हा त्याच्या खुर्चीत बसला, आणि अकराव्या दिवशी यालाच कापरं भरून ताप आला आणि तोही गेला. त्याला सगळे हसायचे. उप हसायचा नाही. त्यानं त्या माणसाची सगळी माहिती वर्तमानपत्रांतून काढली होती. बिचाऱ्यानं अकरा दिवसांत एकाच कागदावर सही केली होती, दवाखान्यांत गरम पाण्याची सोय करण्याच्या.

"तुला काय करायचंय रे त्यांच्या माहितीचं?" दादा म्हणायचा. "नाव लिहायचं, पेटी बंद करायची."

"माणूस माहीत नसला की अक्षर कोरडं येतं, दादा."

"अक्षर रंगानं येतं. चढ शिडी."

एकदा एक म्हातारा काठी टेकत वर आला. बरोबर कुणी नाही. डाव्या फळ्यापुढं उभा राहून नाक लावून वाचायला लागला. उप तेव्हा खालची नावं उजळत बसला होता. म्हातारा म्हणाला, "खालून पाचवा मी." उप उठून उभाच राहिला. म्हाताऱ्यानं विचारलं, "हे कुणी लिहिलं?" उप म्हणाला, "मी, साहेब." म्हातारा बराच वेळ आपलं नाव बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही माझ्या नावाकडे जेवढं लक्ष दिलंत, तेवढं राष्ट्राध्यक्षांनी चार वर्षांत दिलं नाही हो." आणि खो खो हसला, हसताना त्याला खोकला आला. उपनं त्याला धरून जिना उतरवला. हे त्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाली, "चहा तरी पाजायचात, भावजी."

उपराष्ट्राध्यक्षांतले चौघं पुढं राष्ट्राध्यक्ष झाले. असं झालं की तो दिवस दोघा भावांचा. आधी उप डाव्या फळ्यावर त्याचं साल बंद करायचा, मग दादा उजव्यावर त्याचं नाव घालायचा. उप म्हणायचा, "घे, लेक दिली तुला. मी वाढवली, आता तू नांदव." दादा म्हणायचा, "वाढवलीस कसली, नुसती उन्हात ठेवलीस." दालन झाडणारी बाई खाली बसून हसायची. ती दोघांना 'दोन्ही सरकार' म्हणायची.

उपला एक इच्छा होती. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती, पण दादाला कळत होती, वहिनीला कळत होती, बहुतेक त्या झाडूवालीलाही कळत होती. आयुष्यात एकदा, एकच नाव, उजव्या फळ्यावर लिहायचं. शिडी धरता धरता त्याची मान उजवीकडे वळायची. दादाचं अक्षर उभं, ताठ, खांदे मागे टाकून चाललेल्या माणसासारखं. उपचं जरा पुढं झुकलेलं, कुणाचं तरी ऐकून घेत असल्यासारखं. दादासारखं अक्षर त्याला काढता येत होतं, अगदी काना-मात्रेचा फरक पडला नसता. पण काढायचं कुठं?

उपची बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली. मूल नव्हतं. तेव्हापासून तो दादाच्या भिंतीला लागून एका खोलीत राहायचा आणि जेवायला वहिनीकडे. दादालाही मूल नव्हतं. त्यामुळं घरात बोलण्याचा विषय कायम तोच, कोण बसला, कोण उठला.

दादाला सत्तरी उलटल्यावर उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी चहाची कपबशी वाजायला लागली. दादा म्हणाला, बशी तिरकी आहे. मग सही बिघडली. दादा म्हणाला, पेन भिकार आहे. मग एका औषधाच्या दुकानाच्या पाटीवर त्याचं मोठं अक्षर तळाशी लटपटलं, आणि तो शिडीवरून उतरून घरी निघून गेला. ते अक्षर उपनं नीट केलं. त्यानंतर पाट्यांवरची मोठी नावंही उपच लिहायला लागला. त्यावर दोघांत एक शब्द झाला नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सकाळची गोळी घेतली की दीड तास हात गप्प बसायचा. त्या दीड तासात दादा स्वयंपाकघरात काळी फळी मांडीवर घेऊन अक्षरं काढत बसायचा. कारण उजव्या फळ्यावर आता एकच जागा उरली होती. अठरावी. त्यानंतर नवा फळा करावा लागणार होता, आणि नवा फळा दुसऱ्या कुणाचा तरी असणार हे दादाला कळत होतं.

"ती एक जागा भरली की मी मोकळा," तो म्हणायचा. "ती माझी आहे हां, उप."

"तुझीच आहे दादा. कोण घेतोय?"

"तू नाही घेणार माहितीये. पण हा हात घेईल."

त्या वर्षी निवडणूक दोन वर्षं लांब होती. दीड तासाचा आता तास झाला होता.

मार्चमधल्या एका सकाळी रेडिओ म्हणाला, राष्ट्राध्यक्षांना हृदयाचा त्रास झाल्यानं दवाखान्यात हलवलं, प्रकृती गंभीर. उप एका दाताच्या डॉक्टरची पाटी करायला आधीच बाहेर पडला होता. पाव घेऊन आलेल्या शेजाऱ्यानं दादाला सांगितलं, "गंभीर कसली, गेले म्हणे. दुपारी उपराष्ट्राध्यक्षांचा शपथविधी आहे. सांगत नाहीत एवढंच." दादानं गोळी घेतली, घड्याळ बघितलं, पेटी उचलली.

उपच्या कानावर रेडिओ साडेअकराला पडला, दाताच्या डॉक्टरकडेच. राष्ट्राध्यक्ष शुद्धीवर आले होते आणि त्यांनी वर्तमानपत्र मागितलं होतं. तिथले दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, "आपण मेलो की नाही ते बघायला मागितलं असेल." उपही हसला, ब्रश धुतले आणि जेवायला घरी आला.

वहिनी म्हणाली, "तुमचे दादा भवनात गेलेत. पेटी घेऊन. तुम्हाला ठाऊक नाही होय?"

उप तसाच मागं वळला. त्या वयात तो अर्धा रस्ता पळाला.

दालनात कुणी नव्हतं. उजव्या फळ्यापुढं तिवईवर दादा बसला होता. सतराव्या नावाच्या रेघेपुढं साल लिहिलेलं होतं, ठसठशीत, उभं, ताठ, दादाच्या हातचं. आणि खाली अठराव्या जागी उपराष्ट्राध्यक्षाच्या नावाची तीन अक्षरं. पहिलं चांगलं होतं. दुसरं कलंडलं होतं. तिसऱ्याला अक्षर म्हणवत नव्हतं. तास संपला होता, आणि दादा डाव्या हातानं उजवं मनगट धरून पुन्हा पुन्हा ब्रश फळ्याला लावत होता.

"उप, आलास? जरा मनगट धर माझं. दोनच अक्षरं राहिलीत."

"दादा, ते जिवंत आहेत."

"कोण?"

"राष्ट्राध्यक्ष. शुद्धीवर आलेत. रेडिओवर सांगितलं."

दादानं वर बघितलं. सतराव्या नावाकडे, आपण लिहिलेल्या सालाकडे. बापाचं वाक्य त्याला आठवलं असणार, कारण त्यानं ब्रश एकदम खाली टाकला, तापलेलं काही हातात आल्यासारखा. पन्नास वर्षांत त्याला असं उपनं कधी बघितलं नव्हतं.

"तू घरी जा," उप म्हणाला.

"माझ्या हातून..."

"जा म्हणतो ना. मी बघतो."

धाकट्यानं थोरल्याला हुकूम सोडला तो तेवढाच. झाडूवाली दारात आली होती. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं दादाला हाताला धरून मागच्या जिन्यानं उतरवलं.

उपनं टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली. खालची तीन अक्षरं ओली होती, ती निघाली. वरचं साल तीन तासांपूर्वीचं. ते धड ओलं नाही, धड वाळलेलं नाही. चिंधी लावली तसं ते पसरलं, सोनेरी चिखल झाला, आणि खालचं वॉर्निशही पांढरं पडायला लागलं. तो घासत होता तेवढ्यात मागून पावलं आली. भवनाचे व्यवस्थापक आणि त्यांच्याबरोबर चार जण. दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुणे यायचे होते, म्हणून दालन बघायला आले होते.

सतराव्या नावापुढचं साल अजून वाचता येत होतं.

"हे काय आहे?" व्यवस्थापक म्हणाले. "हे कुणी केलं?"

पळत आल्यानं उपला अजून धाप होती. त्याला विचार करायला काही वेळ मिळाला असं नाही.

"मी, साहेब. घाई झाली."

"तुम्ही? पण हा फळा तर तुमच्या भावाचा."

"मोह झाला, साहेब. एकदा लिहावं वाटलं."

व्यवस्थापकांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "वाटलंच मला."

उपला बोलणी बसली ती वेगळी. जिवंत माणसाला मारलंत, देशाची अब्रू घालवलीत, पन्नास वर्षं ज्या घराण्यावर विश्वास टाकला वगैरे. ते सगळं त्यानं मान खाली घालून ऐकलं. पण आधीचं ते 'वाटलंच' त्याला लागलं. त्याला मनोमन वाटलं होतं की थोडी तरी शंका घेतील, एकदा तरी म्हणतील, तुम्ही असं करणार नाही. कुणी म्हणालं नाही. उजव्यावर चढायला टपलेला उप, हे सगळ्यांना आधीपासून पटलेलंच होतं. आणि त्यात अगदीच खोटं काही नव्हतं, म्हणून त्याला रागही येईना.

"तुमच्या दादांना कळलं तर काय वाटेल?" व्यवस्थापक शेवटी म्हणाले.

"नका सांगू," उप म्हणाला.

त्याला भवनात यायला बंदी झाली. दारावरच्या शिपायाकडे त्याचं नाव लिहून ठेवलं. झाडूवाली दुसऱ्या दिवशी घरी आली आणि अंगणातच भांडली, "अरे, तुझं तोंड तू शिवून घेतलंस, माझं कशाला शिवतोस?" उपनं हात जोडले. ती शिव्या देत गेली, पण बोलली नाही. पावसाळ्यानंतर तिची नोकरी संपली आणि ती लेकीकडे राहायला गेली.

गोष्ट रस्त्यावर पसरायला वेळ लागला नाही. दाताच्या डॉक्टरनं अर्धवट पाटी दुसऱ्याकडून पुरी करून घेतली. आणि वहिनी, जिनं चाळीस वर्षं दोन्ही वेळा याचं ताट वाढलं, ती म्हणाली, "भावजी, असं कसं केलंत हो? त्यांचा हात असा झालेला बघून तरी..." त्या दिवसापासून ती ताट ठेवताना तोंड दुसरीकडे करायला लागली. दादा समोर बसलेला. दादाचा घास हातातच राहायचा. उप जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा, आपल्या खोलीत जायचा.

दादा का बोलला नाही, हे उपनं कधी विचारलं नाही. भिंत पातळ होती. पलीकडून सकाळी गोळीनंतर फळीवर ब्रश घासल्याचा आवाज यायचा, आणि तो रोज थोडा आधी थांबायचा. ज्या माणसाचं सगळं आयुष्य ताठ उभ्या अकरा ओळींत होतं, त्याला 'मी चुकलो' हे दोन शब्द काढायला किती जड जात असेल, ते उपला ऐकू येत होतं. म्हणून तो वाट बघत बसला नाही, असं तो म्हणायचा. पण बघत होता.

डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष झोपेतच गेले. या वेळी खरोखर. दुसऱ्या दिवशी भवनाची गाडी दारात आली, ड्रायव्हर म्हणाला, दादांना न्यायला सांगितलंय.

दादानं गोळी घेतली. मांडीवर फळी घेतली. अर्धा तास गेला. हात थांबलाच नाही. त्यानं दुसरी गोळी घेतली, वहिनी ओरडली, तरी घेतली. हात तसाच. शेवटी त्यानं फळी बाजूला ठेवली, भिंतीवर थाप मारली आणि हाक मारली, "उप, इकडं ये."

उप आला. दादा वहिनीकडे बघून म्हणाला, "मार्चमध्ये ते मी केलं होतं. यानं नाही."

वहिनीच्या हातात डबा होता तो तिनं नीट मांडणीवर ठेवला. मग खाली बसली.

दादा गाडीत बसला आणि पेटी न घेता गेला. उप आणि वहिनी दोघंच घरात. दादानं बाजूला ठेवलेली फळी वहिनीनं उचलून भिंतीला लावली. मग म्हणाली, "नऊ महिने मी तुमच्या ताटाशी तोंड फिरवून बसले, भावजी."

"वाढण्यात तर कसूर नव्हती, वहिनी. उलट दुसऱ्या पोळीवर तूप जास्तच असायचं. तोंड फिरवल्यानं दिसत नसेल."

ती हसली नाही. तिनं पदर तोंडाला लावला.

दादा दोन तासांनी परत आला. पायऱ्या चढताना त्यानं उपचा खांदा धरला. आत येऊन बसला आणि म्हणाला, "मानलंच नाही रे."

"काय मानलं नाही?"

"सगळं सांगितलं. पाववाला शेजारी, गोळी, तास संपला ते, सगळं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, दादा, तुमचं मन मोठं आहे, भावाची चूक स्वतःवर घेताय. अशी माणसं आता राहिली नाहीत. उठून माझे हात धरले. हा हात धरला त्यांनी, बघ, हा लटलटणारा, आणि म्हणाले, या हातानं चूक होणंच शक्य नाही." दादा थांबला. "शाल दिली मला. ही बघ."

शाल गाडीतच राहिली होती. ड्रायव्हर मागाहून आणून देऊन गेला.

"आयुष्यभर माझं सगळं खरं मानलं लोकांनी," दादा म्हणाला. "हे तेवढं नाही मानलं."

उपला एवढंच कळत होतं की दादानं मार्चमध्येच, त्याच दुपारी, हे सांगितलं असतं तर मानलं असतं. दादालाही ते कळत होतं. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. वहिनी मात्र आता ताट समोर ठेवून समोरच बसायची.

सतराव्याचं साल आणि अठरावं नाव भवनानं दुकानातून मशीनवर कापून आणलं आणि चिकटवून टाकलं.

मे महिन्यात दादा गेला. शेवटी त्याचा हात एकदम शांत झाला होता. वहिनीला ते चांगलं लक्षण वाटलं होतं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: पन्नास वर्षं राष्ट्राध्यक्षांची नावं ज्यांच्या हातून फळ्यावर उमटली ते ज्येष्ठ कलावंत कालवश. त्यांच्यामागं पत्नी व एक भाऊ. भावाचं नाव नव्हतं, आणि उपनं ते शोधलंही नाही. त्यानं कात्री घेऊन तेवढा तुकडा कापला आणि वहिनीला दिला.

व्यवस्थापक भेटायला आले. बराच वेळ दादांबद्दल बोलले. उठता उठता म्हणाले, "झालं गेलं आता. तुमचे भाऊ तुमच्यासाठी माझ्याकडे आले होते, खोटं बोलायला तयार झाले होते. त्यांच्याखातर सांगतो, या तुम्ही. त्या चिकटवलेल्या अक्षरांची टोकं उन्हानं उचलायला लागलीत. डावीकडचं नवीन नावही अजून पडलेलं नाही."

वहिनी आतून म्हणाली, "साहेब, ते खोटं बोलले नव्हते. खरंच त्यांनीच..."

व्यवस्थापकांनी मान हलवली. "हो, हो, वहिनी," ते फार मायेनं म्हणाले. "तुमचंही मन मोठंच."

उप सोमवारी गेला. आधी डावा फळा केला. आपल्या माणसाचं साल बंद केलं, त्याखाली नवा माणूस लिहिला, रेघ काढली. मग उजवीकडे आला. चिकटवलेली अक्षरं नखानं सोलली, ती सालपटासारखी निघाली. डिंक पुसला. सतराव्या नावाच्या सालाखाली वॉर्निशवर मार्चमधला पांढुरका डाग अजून होता. तो जपून ओलांडून त्यानं ब्रश अठराव्या जागेवर आणला.

पन्नास वर्षं ज्याची वाट बघितली ते हे. त्याला वाटलं होतं, हात थरथरेल. थरथरला नाही. पहिलं अक्षर काढताना ते आपोआप जरा पुढं झुकलं. त्यानं थांबून बघितलं. वरच्या सतरा ओळी बघितल्या. सहा बापाच्या, अकरा दादाच्या. मग चिंधी घेतली, ते अक्षर पुसलं, आणि पुन्हा काढलं. उभं, ताठ, खांदे मागे टाकलेलं. तसंच दुसरं. तसंच शेवटपर्यंत.

दुपारी व्यवस्थापक वर आले. चष्मा काढून पुसून पुन्हा लावला.

"कमाल आहे," ते म्हणाले. "अगदी तुमच्या दादांचंच अक्षर."

"हो," उप म्हणाला. "त्यांचंच आहे."

घरी आला तेव्हा वहिनीनं चहा टाकला. पेटी कोपऱ्यात ठेवून तो जमिनीवर बसला. तिनं विचारलं, "झालं?"

"झालं."

"कसं झालं?"

"दादासारखं."

वहिनी कपबशी घेऊन आली, ती त्याच्यापुढं ठेवली, आणि समोर बसली. "मग तुमच्यासारखं कधी लिहिणार, भावजी?"

त्यानं कप उचलला. चहावर साय धरेपर्यंत तो तसाच हातात धरून होता. मग ती बोटानं बाजूला केली आणि चहा पिऊन टाकला.